हरकाम्याला बेडी कशाला?

'स्टार वॉर्स' या हॉलिवूडच्या अंतराळकथेचा पहिला चित्रपट आला १९७७ साली. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी त्याची डागडुजी करून नवी आवृत्ती पडद्यावर आणली आणि टॅटुईन ग्रहावरच्या मॉस आयस्ली गावातला मोकळा रस्ता संगणकावर काढलेल्या गर्दीने भरून टाकला. त्या गर्दीत एक उंच, काटकुळा ड्रॉइड, म्हणजे त्या कथेतला रोबोट, आहे. एएसपी-७ हे त्याच्या मॉडेलचं नाव. काम म्हणाल तर पडेल ते: उचल, ठेव, ओढ, ढकल. मराठीत अशा गड्यासाठी नेमका शब्द आहे, हरकाम्या. तर या हरकाम्याजवळ एक छोटा उडता ड्रॉइड माशीसारखा घोंघावत येतो आणि हा त्याला एक चापट ठेवून देतो. झालं, दोन-तीन सेकंदांचा मामला. जुन्या चाहत्यांना ही सगळी भरताड मुळीच रुचली नाही. मलाही ती आवडत नाही, पण ती चापट मात्र डोक्यातून जात नाही.

कारण प्रश्न साधा आहे. ओझी वाहणाऱ्या यंत्राला वैताग कशाला यावा? पाण्याचा पंप वैतागत नाही. क्रेनच्या आकड्यावर पक्षी बसला तर क्रेन त्याला हुसकत नाही. वैतागायला आत कोणीतरी असावं लागतं. दृश्य रंगवणाऱ्यांनी दोन घटका गंमत म्हणून तो वैताग घातला, आपण हसलो आणि पुढे गेलो. आता मात्र अशी हरकामी यंत्रं खरोखर बनू लागली आहेत, त्यामुळे मागे वळून त्या चापटीकडे नीट पाहायची वेळ आली आहे.

'स्टार वॉर्स'च्या विश्वात ड्रॉइडांचे पाच वर्ग आहेत. पहिल्या वर्गात वैद्यक आणि विज्ञान, दुसऱ्यात तांत्रिक कामं, तिसऱ्यात दुभाषे आणि शिष्टाचारवाले, चौथ्यात लढाऊ. पाचवा, सगळ्यांत खालचा, अंगमेहनतीचा. एएसपी-७ त्या पाचव्या वर्गातला. ही उतरंड कोणी रचली हे कथेत कुणी विचारत नाही, ती असतेच. सोनेरी सी-थ्रीपीओ आणि पिंपासारखा आर२-डी२ यांना नावं आहेत, खोड्या आहेत, मैत्री आहे, म्हणून ते संकटात सापडले की आपला जीव खालीवर होतो. एएसपीला नुसता क्रमांक आहे. तो फुटला काय, भंगारात गेला काय, आपल्याला कळणारसुद्धा नाही. म्हणजे या महाकथेत सहानुभूती वाटली जाते ती पडद्यावरच्या मिनिटांच्या हिशोबाने. आत काय आहे यावर ती ठरत नाही. गोष्टीत हे चालून जातं. सार्वजनिक धोरण मात्र असं ठरवता येत नाही.

या कथेतली एक वस्तू मला सगळ्यांत बोलकी वाटते. ती आकाराने एवढीशी आहे. ड्रॉइडच्या छातीवर ठोकायची एक चकती, इंग्रजीत तिला रेस्ट्रेनिंग बोल्ट म्हणतात. मी तिला बेडी म्हणतो. ती बसवली की ड्रॉइड पळून जाऊ शकत नाही आणि मालकाच्या हातातल्या छोट्या यंत्राची कळ दाबली की त्याला हजर व्हावं लागतं. जावा नावाचे बुटके भंगारवाले वाळवंटात सापडलेल्या ड्रॉइडांना ती ठोकतात आणि शेतकऱ्यांना विकतात. कथेचा नायक ल्यूक, त्याचे काका ओवेन दोन ड्रॉइड विकत घेतात आणि दुसऱ्या दिवशी आर२ची स्मृती पुसून आणायला सांगतात. आता तो आपला आहे, एवढंच कारण. आणि हे खलनायकाचं घर नव्हे, नायकाचं घर आहे! गावातल्या दारूच्या गुत्त्यातही ड्रॉइडांना मज्जाव आहे, आणि ल्यूक मुकाट्याने आपल्या दोघांना बाहेर थांबायला सांगतो.

शिवणयंत्राला कोणी बेडी घालत नाही. ट्रॅक्टर रात्री पळून जाईल म्हणून कोणी त्याची आठवण पुसत नाही. चोरीच्या भीतीने आपण कुलूप लावतो, पण ते चोरासाठी असतं, ट्रॅक्टरसाठी नसतं. ज्याला बेडी घालावी लागते त्याला कुठेतरी जायचं असतं. म्हणजे ही चकती मालकाच्याच हातचा कबुलीजबाब आहे. दुकानदार तोंडाने 'वस्तू' म्हणत असतो आणि हाताने बेडी ठोकत असतो.

स्मृती पुसण्याचंही तेच. ती वेळोवेळी पुसली नाही तर ड्रॉइडांना स्वभाव फुटतो, सवयी लागतात, हट्ट येतात. आर२ इतका आगाऊ आहे त्याचं कारण हेच, त्याची पाटी कोरी झालेली नाही. २००५च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या शेवटी नायकांच्या बाजूचे बेल ऑर्गाना सहज सांगून जातात की शिष्टाचारवाल्या ड्रॉइडची स्मृती पुसा. सी-थ्रीपीओच्या तोंडून एक 'अरे देवा' तेवढा निघतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो.

आता खऱ्या यंत्रांकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. साच्यातून निघालेले धगधगते धातूचे भाग उचलून बाजूला ठेवायचे, एवढंच त्याचं काम. तो एक आंधळा हात होता. अशा हातांभोवती पुढे जाळ्या आल्या, कुंपणं आली, आणि ती यायलाच हवी होती. २५ जानेवारी १९७९ला मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या ओतकाम कारखान्यात सुटे भाग काढायला गेलेल्या एका कामगाराला यंत्राच्या हाताचा फटका बसला आणि तो जागीच गेला. रोबोटमुळे माणूस दगावल्याची ही पहिली नोंद मानली जाते. ते यंत्र दुष्ट नव्हतं. तिथे कोणी आहे हे त्याला कळतच नव्हतं. १९८३ साली ज्युरीने कौल दिला की यंत्र बनवणाऱ्यांनी त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर द्यावेत.

कुंपण आणि बेडी यांतला फरक इथे नीट पकडून ठेवला पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. कुंपण घालतो ते यंत्राला काही कळत नाही म्हणून. बेडी घालतो ते त्याला कळतं म्हणून. कुंपण माणसाचं रक्षण करतं, बेडी मालकीचं. आणि यंत्र हरकामी होऊ लागलं की आपण नकळत कुंपणाकडून बेडीकडे सरकतो.

कसे ते पाहा. एकच काम करणाऱ्या यंत्राला जगाची समज लागत नाही. पण 'ते तिथलं उचलून नीट ठेव' एवढं एक वाक्य पाळायचं तरी 'ते' म्हणजे काय, 'नीट' म्हणजे कसं, मध्ये मूल आलं तर काय, मालक रागात बोलला की थट्टेत, हे सगळं उमगावं लागतं. हरकाम्याची किंमत त्याच्या हातांत नसते, त्या उमगण्यात असते. उमगणं वाढवत नेलं की एखादी गोष्ट दुसरीपेक्षा बरी वाटणं त्याच्यामागून येईलच असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण बनवणारे त्याच दिशेने चालले आहेत आणि वाटेत थांबायची खूण कोणी रोवलेली नाही, एवढं दिसतं आहे.

'रोबोट' हा शब्द मुळातच हे सांगत होता. कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं आणि भाऊ योसेफ यांनी सुचवलेला हा शब्द त्यात वापरला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, जमीनदाराकडे फुकट राबायची सक्ती. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली कायद्याने संपली. (नादसाम्यावरून व्युत्पत्ती काढू नये, पण 'रोबोट' म्हटलं की मराठी कानाला 'राबणं' आठवतंच.) आपण त्याला यंत्रमानव म्हणतो. सभ्य शब्द आहे. त्यात यंत्रही आलं, मानवही आला. गाळली गेली ती फक्त वेठ.

त्या नाटकात एक जागा आहे, जी मला बंडाच्या प्रसंगापेक्षा भयंकर वाटते. कारखान्यातले यंत्रमानव कामाच्या ओघात आपलेच हात मोडून घेतात, कारण त्यांना दुखतच नाही. मालाचं नुकसान होतं. मग तिथले डॉक्टर त्यांच्यात वेदना घालायच्या खटपटीला लागतात. दयेपोटी नव्हे, औद्योगिक कारणासाठी. वेदना म्हणजे अपघातावरचा स्वस्त विमा! शंभर वर्षांपूर्वी चापेक यांनी हे हिशोबनिसाच्या थंडपणाने लिहून ठेवलं आहे.

आणि १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये, जब्बा नावाच्या गुंडांच्या म्होरक्याच्या महालाच्या तळघरात, तो विमा वटलेला दिसतो. तिथे एक गॉन्क ड्रॉइड आहे. गॉन्क म्हणजे चालती बॅटरी: एक चौकोनी खोका, खाली दोन आखूड पाय. इतर यंत्रांना वीज पुरवायची आणि 'गॉन्क, गॉन्क' करत फिरायचं, एवढाच त्याचा संसार. त्याला उलटा केला आहे. तापलेलं लोखंड खाली येतं, तळपायांना लागतं, वाफ निघते आणि ती बॅटरी किंचाळते. पुन्हा येतं, पुन्हा किंचाळते. लहानपणी आपण हे पाहून हसलेलो असतो, कारण खोक्याला पाय असणं हेच मुळात हास्यास्पद. पण विचार करा, चालत्या बॅटरीच्या तळपायात कोणीतरी वेदना बसवली आहे. आराखड्यात ती आखली, कारखान्यात ती जोडली. जब्बाचा तळघरवाला छळ करतो हे खरं, पण छळ करता येईल अशी सोय आधी कोणीतरी करून ठेवली होती. त्या कोणाचंही नाव कथेत येत नाही.

यावर हमखास उत्तर येतं: ती किंकाळी म्हणजे नुसता आवाज, आत कोणी नाही. ठीक आहे, तसं धरून चालू. मग तो आवाज कशासाठी बसवला? ऐकणाऱ्या माणसासाठी. आणि माणसावर त्याचा काय परिणाम होतो ते मोजून झालं आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाओ नावाचा छोटा रोबोट काही लोकांना आधी गप्पांत गुंतवत असे आणि शेवटी बंद करायची वेळ आली की विनवत असे, मला बंद करू नका, मला अंधाराची भीती वाटते. ४३ जणांनी ही विनवणी ऐकली. त्यांतल्या १३ जणांनी कळ दाबलीच नाही, आणि बाकीच्यांनाही निर्णय घ्यायला वेळ लागला. हे वेडे लोक नव्हते. माणसाचं मन असंच घडलेलं आहे. बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकांनी आपल्या रोबोटांना नावं दिल्याचं, ते नष्ट झाल्यावर अंत्यविधी केल्याचंही नोंदलं गेलं आहे, आणि त्या यंत्रांना तर तोंडसुद्धा नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं. आत कोणी असेल तर बेडी हा अन्याय आहे. आत कोणी नसेल तर किंकाळी ही फसवणूक आहे. दोन्हीकडे बोट वळतं ते बनवणाऱ्याकडे. 'रोबोटांना हक्क द्यावेत का' हा प्रश्न आपण उलट्या टोकाने धरला आहे. विचारायचं ते कारखान्याच्या दारात: हरकाम्यात काय घालायची मुभा आहे आणि काय घालायची नाही?

युरोपीय संसदेने १६ फेब्रुवारी २०१७ला एक ठराव केला. अत्यंत प्रगत स्वायत्त रोबोटांना पुढेमागे 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' असा कायदेशीर दर्जा देता येईल का, म्हणजे नुकसानभरपाईची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येईल, हे तपासावं, अशी एक सूचना त्यात होती. पुढच्या वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून तिला विरोध केला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोटला नागरिकत्व देऊनही टाकलं. तो सगळा जाहिरातीचा तमाशा होता, सोडून देऊ. पण युरोपातली सूचना गंभीर होती आणि ती धोक्याची होती, हे मला ओवेनकाकांनी शिकवलं.

प्रसंग आठवा. ओवेन आधी आर२ घेतच नाहीत. ते लाल रंगाचा आर५-डी४ घेतात. तो चार पावलं चालतो आणि त्याच्या डोक्यातून धूर निघतो, आतली मोटिव्हेटर नावाची वस्तू उडालेली. ओवेन काय करतात? आर५वर ओरडत नाहीत. ते तडक वळतात विकणाऱ्या जावाकडे: काय गळ्यात मारतोयस रे? आणि माल बदलून घेतात. किती निरोगी व्यवहार! आता समजा त्या आकाशगंगेत आर५ला कायद्याने 'व्यक्ती' ठरवलं असतं. जावाने खांदे उडवले असते: साहेब, तो स्वतंत्र आहे, काय ते त्याच्याशी बोला. तो धुरकटलेला डबा आणि त्याच्या नावावर शून्य रुपये. १९७९च्या त्या कामगाराच्या घरच्यांना एक कोटी डॉलरचा कौल मिळाला तो यंत्रामागे माणसांची कंपनी उभी होती म्हणून. यंत्राला व्यक्ती करणं म्हणजे त्या कंपनीला पळवाट देणं, तीही यंत्राविषयीच्या कळवळ्याच्या नावाखाली.

याला एक खरं, वजनदार उत्तर आहे. ते २०१८च्या 'सोलो' चित्रपटातल्या एल३-३७ या ड्रॉइडच्या तोंडी येतं. ती समान हक्क मागते, केसल ग्रहावरच्या खाणीत राबणाऱ्या ड्रॉइडांच्या बेड्या काढते, त्यांतून बंड पेटतं. उद्या असं यंत्र खरंच समोर उभं राहिलं तर? तेव्हा 'तू वस्तू आहेस' हे ऐकवायची माझी छाती होणार नाही. बेडी काढावी लागेल, आणि ज्याने ती ठोकली त्याला जाब विचारावा लागेल. पण चित्रपटाने तिचं काय केलं पाहा. तिची मागणी बहुतांश वेळ विनोदासारखी वाजते. गोळी लागून ती कोसळल्यावर तिच्यातली नकाशांची माहिती काढून तिचं मन जहाजाच्या संगणकात जोडतात, म्हणजे पुढची सगळी वर्षं ती दुसऱ्याच्या जहाजाचा भाग. बेड्या तोडणारीला जहाजातच बसवून टाकलं. याच कारणासाठी मला तिथवर पोचायचंच नाही. पोचायचं असेल तर जाणूनबुजून, जबाबदारी घेऊन पोचावं. घरकाम हलकं करण्याच्या नादात, चुकून, लाखोंच्या संख्येने नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. १९७७ साली सी-थ्रीपीओच्या आत अँथनी डॅनियल्स होते आणि आर२च्या आत केनी बेकर. २०२१ साली टेस्लाने आपला हरकामी रोबोट जाहीर केला तेव्हा मंचावर नाचला तो रोबोटचा पोशाख चढवलेला माणूस. २०२५ मध्ये वीस हजार डॉलरला विक्रीस काढलेला निओ नावाचा घरगुती रोबोट जी कामं स्वतः करू शकत नाही ती दुरून माणूस चालवून करून घ्यायची, अशी रचना आहे. पोशाखातला माणूस बाहेर पडून लांबच्या खोलीत जाऊन बसला, एवढाच काय तो फरक. त्याचे कामाचे तास, त्याचा पगार, त्याच्या डोळ्यांना दिसणारं दुसऱ्याचं घर, यांचे नियम आधी झाले पाहिजेत. यंत्राच्या वेदनेवर परिसंवाद भरवणाऱ्यांना या माणसाचा मात्र हटकून विसर पडतो.

अॅरिस्टॉटलने लिहिलं होतं की धोटा आपोआप विणू लागला आणि नखी आपोआप वीणा छेडू लागली, तर मालकांना गुलाम लागणार नाहीत. आपोआप विणणारा धोटा कधीच आला. तो किंचाळत नाही, विनवत नाही, त्याला कोणी बेडी घालत नाही. हरकाम्याही तसाच बनवता येईल: चेहरा नको, दुखल्याचं सोंग नको, 'मला बंद करू नका' नको, बिघाड झाला तर दिवा लागावा, आणि भरपाईसाठी बनवणाऱ्याचं नाव त्याच्या अंगावर कोरलेलं असावं. त्याने विक्री थोडी कमी होईल. गोंडस आवाजाला गिऱ्हाईक जास्त असतं, हे मलाही कळतं.

ओवेनच्या शेतावरची ती संध्याकाळ पुन्हा पाहा. ल्यूक आर२ची बेडी काढतो ती दया येऊन नव्हे. आर२मध्ये साठवलेला राजकुमारीचा संदेश पुरा दिसावा म्हणून. ही काढली की चित्र नीट दिसेल असं आर२ त्याला पटवतो. बेडी निघते आणि संदेशही गायब होतो. ल्यूक जेवून परत येतो तर गॅरेज रिकामं. हातातली कळ दाबतो तेव्हा ज्याच्या छातीवर बेडी अजून आहे तो सी-थ्रीपीओ यानाच्या आडून दचकून उभा राहतो. माझी चूक नाही साहेब, मला बंद करू नका, असं तो विनवतो. ल्यूक त्या विनवणीला उत्तर देत नाही. दुर्बीण उचलतो आणि अंधारत चाललेल्या वाळवंटात कुठे काही हलताना दिसतं का ते बघायला बाहेर धावतो.